प्रेमाला पत्ता असतो

विवाह निबंधकाच्या कार्यालयात जिन्याखाली एक काचेचा फलक होता. काचेला छोटं कुलूप, आत टाचण्यांनी लावलेले कागद, एकावर एक. एका मैत्रिणीच्या लग्नाला साक्षीदार म्हणून गेलो होतो आणि नंबर यायला वेळ होता, म्हणून तासभर त्या फलकासमोर उभा राहिलो. लग्न विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे 1954 च्या. त्यात वधूवरांबरोबर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि त्याआधी तीस दिवसांची नोटीस लागते. त्या नोटिशीचे रकाने ठरलेले आहेत. नाव, लग्न आधी झालंय का, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, आणि तिथं किती काळ राहताय. कुणीही यावं, वाचावं आणि हरकत असल्यास घ्यावी, यासाठी तो कागद लावलेला असतो.

हरकत कायद्यातल्या अटींवरच घेता येते. वय कमी आहे, आधीचं लग्न कायम आहे, अशा गोष्टी. जात किंवा धर्म ही हरकत होऊ शकत नाही. पण कागद वाचायला येणाऱ्याला दरवेळी हरकत घ्यायचीच असते असं थोडंच आहे? त्याला पत्ता मिळाला की पुरतं.

तिथं उभ्याउभ्या मनात आलं की आपल्या प्रेमकवितांमधले, प्रेमाच्या कादंबऱ्यांमधले निम्मे लोक हा फॉर्म भरूच शकणार नाहीत. नाव सांगतील, तेही बहुधा आडनावाशिवाय. वय 'नुकतंच उमललेलं'. व्यवसाय, झुरणे. आणि राहण्याचं ठिकाण?

मंगेश पाडगावकरांची ती ओळ माहीत नसलेला मराठी माणूस सापडणं अवघड. 'प्रेम म्हणजे प्रेम म्हणजे प्रेम असतं, तुमचं आणि आमचं अगदी सेम असतं.' मला ती कविता आवडते. तिच्यातली खट्याळ लय आवडते. पण ओळ खरी नाही. त्या फलकावरचे दोन कागदसुद्धा सेम नव्हते. एकात दोघांचे पत्ते एकाच सोसायटीतले, दोन विंगांचे. दुसऱ्यात मुलीचा कायमचा पत्ता एका तालुक्याच्या गावचा, आणि सध्याच्या ठिकाणी किती काळ राहताय या रकान्यात जेमतेम नियमात बसेल इतकाच काळ. आडनावं वाचून जे कळायचं ते कळत होतं. या दोन जोडप्यांचे तीस दिवस सारखे जाणार नव्हते.

प्रेमाच्या लेखनाची वाटणी आपण स्वप्नाळू आणि वास्तववादी अशी करतो. मला ती फसवी वाटते. मी वाटणी वेगळी करतो, पत्ता असलेलं प्रेम आणि बिनपत्त्याचं प्रेम. माझी तक्रार अशी की विसाव्या शतकात आपल्या मध्यमवर्गाने बिनपत्त्याचं प्रेम डोक्यावर घेतलं, आणि त्यातून प्रेमावर प्रेम करायला शिकला. प्रेम करणाऱ्यांना जागा द्यायला मात्र शिकला नाही.

हे आपलं मूळचं वळण नव्हे. ज्या भाषेतून मराठी आली त्या महाराष्ट्री प्राकृतातली 'गाथासप्तशती' उघडून पाहा. सातवाहन राजा हाल याच्या नावावरचा, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला हा सातशे गाथांचा संग्रह. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली तो सटीप मराठीत आणला. काही गाथा स्त्रियांच्या नावावर आहेत. प्रेमाचा असा संग्रह भारतात दुसरा नसेल, आणि त्यात प्रत्येकाला घर आहे, शेत आहे, सासू आहे. नांगरधारी आहे, गावचा पाटील आहे, शणाचं शेत आहे. शेत कापलं जातंय म्हणून एकीच्या पोटात खड्डा पडतो, कारण भेटायची जागा जाते.

त्यातली पाणपोईवरची गाथा घ्या. वाटसरू ओंजळ लावून पाणी पितोय. डोळे पाण्याकडे नाहीत, वर तिच्या तोंडाकडे. आणि बोटं त्याने फाकवली आहेत, म्हणजे पाणी गळत राहील, तहान भागणार नाही, उभं राहता येईल. ती पाणी घालणारी काय करते? धार बारीक करते. मग आणखी बारीक. झालं, गाथा संपली. एक शब्द कुणी बोललेलं नाही. दोन ओळींत किती माहिती आहे बघा. तो परगावचा आहे, ती कामावर आहे, दोघं उघड्यावर आहेत, आणि दोघांकडे पाणी पिण्याइतकाच वेळ आहे. चोरलेला वेळ बोटांच्या फटीतून मोजलाय. या पोरीला चांदण्यात नेऊन उभी केली असती तर ती कुणाच्याही लक्षात राहिली नसती.

दुसरी गाथा तर जागेवरूनच आहे. गोदावरीकाठच्या झाडीत एकीची भेटायची जागा. तिथं एक धार्मिक गृहस्थ फुलं तोडायला येऊ लागले. ती त्यांना आदराने सांगते, फिरा बाबा आता निर्धास्त, तुम्हाला त्रास देणारा तो कुत्रा आज मेला, गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या मस्तवाल सिंहानेच मारला त्याला. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनी, म्हणजे शब्दांमागून सुचवला जाणारा अर्थ, काय असतो हे समजवायला हीच गाथा घेतली. शब्दांत 'या', अर्थात 'फिरकू नका'. साहित्यशास्त्राचे विद्यार्थी ती विधी-निषेधाचं उदाहरण म्हणून पाठ करतात. मला त्यात एक साधी अडचण दिसते. दोन माणसांना बसायला जागा नाही आणि जी आहे तिथं सज्जन लोक येतात. 2021 साली बोरिवलीत एका सोसायटीसमोर रस्त्यावर पिवळ्या रंगात 'नो किसिंग झोन' रंगवला होता, तेव्हा मला ही बाई आठवली. तिच्याकडे निदान सिंहाची थाप तरी होती.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. शाहिरी लावणीत प्रेम अंगासकट येतं, शालूच्या रंगासकट येतं. पण ते बोलतं बाईच्या तोंडून आणि लिहितो पुरुष. बाई नाचायची, तिची जात आणि बिदागी ठरलेली असायची. पत्ता होता, पण तो बैठकीचा, तिच्या घराचा नव्हे. उलट जात्यावर बाई स्वतःची ओवी गायची तेव्हा काय गायची? आई, लेक, देव आणि सगळ्यांत जास्त भाऊराया. लावणीत साजणाशिवाय पान हलत नाही आणि ओवीत नवरा हाताच्या बोटांवर. एकाच मुलखातल्या बायकांच्या तोंडची ही दोन गाणी. यातलं कुणाच्या मनातलं, यावर वाद घालणाऱ्यांनी आधी लिहिणारा हात कुणाचा ते बघावं.

मग आलं विसावं शतक, कॉलेज आणि कादंबरी. इथं जरा थांबायला हवं, कारण मी ज्यांच्यावर बोट ठेवणार आहे त्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. मुलीच्या लग्नाचं वय किमान चौदा असावं असा सारडा कायदा 1929 साली झाला, आणि त्यावरही केवढा गदारोळ झाला. त्या काळात वीस-बावीस वर्षांची, शिकलेली, बिनलग्नाची मुलगी एका तरुणाशी तासभर बोलत बसते, हे कादंबरीत लिहिणं हीच एक बंडखोरी होती. ना. सी. फडक्यांनी ते लिहिलं आणि पोराटोरांनी गाद्यांखाली लपवून वाचलं. आजोबांच्या पिढीला प्रेमात काय बोलायचं असतं ते फडक्यांनीच शिकवलं म्हणा ना. त्यांच्या जोड्या अधांतरी होत्या म्हणूनच त्या हलू शकल्या. घरच्यांना पानावर येऊ दिलं असतं तर पहिल्याच प्रकरणात मुलीचं लग्न ठरलं असतं.

हे सगळं मान्य. पण सूट म्हणून घेतलेली गोष्ट पुढे सवय झाली. मोटार, बंगला, थंड हवेचं ठिकाण, गैरसमज, पत्र, मिलन. अडचण येते ती गैरसमजाची, आणि गैरसमज दूर होण्यासाठीच असतो. जात दूर होत नाही, म्हणून ती आणायचीच नाही. वाचणाऱ्याला वाटलं प्रेम असंच असतं, दोन मनांमधली नाजूक गुंतागुंत. शेजारच्या आळीतली मुलगी शिंप्याच्या मुलाबरोबर गेली तर ते प्रेम नव्हे, ते 'प्रकरण'. हा शब्द बघा. पुस्तकात असतं ते प्रेम, गल्लीत घडतं ते प्रकरण.

फडके आणि वि. स. खांडेकर यांचा वाद आपण शाळेपासून ऐकतो. कलेसाठी कला की जीवनासाठी कला. खांडेकरांचे नायक गरिबांत राहतात, ध्येयाने पेटलेले असतात, आणि प्रेम त्यागात विरघळवतात. देश की ती, असा प्रश्न पडला की ती मागे राहते आणि डोळे पुसते. 'ययाती'त तर प्रेम आणि वासना यांना समोरासमोर उभं करून न्यायनिवाडाच आहे. मला हे दोघं वाटतात तितके विरुद्ध वाटत नाहीत. एकाने प्रेमाला हवा खायला पाठवलं, दुसऱ्याने समाजकार्याला. दोघांनीही त्याला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. कला कशासाठी यावर इतकी वर्षं भांडलो, पण हे दोघं लग्नानंतर राहणार कुठं असं कुणी विचारलं नाही.

म्हणजे, एका बाईने विचारलं. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने. लिहिणारी कोण, पुरुष की बाई, यावर पुण्यामुंबईत शोध सुरू झाला. त्या मालतीबाई बेडेकर, तेव्हाच्या बाळूताई खरे, हे नंतर कळलं. कथांतल्या मुली शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या. त्यांचं प्रेम अडतं ते गैरसमजाने नव्हे, पगाराने. मुलीचा पगार बापाच्या संसाराला लागतो, धाकट्या भावंडांना लागतो, म्हणून तिच्या लग्नाचा विषय कुणी काढत नाही. तिच्या शरीराला, मनाला काय वाटतं ते तिने सांगितलं म्हणून सभ्य लोक खवळले. 'अश्लील' म्हणाले. नवल आहे, लावणीच्या बैठकीला जाणाऱ्यांच्या गावात एका मास्तरणीने 'मला एकटं वाटतं' म्हटलं की अश्लील होतं. पुढच्या वर्षी आलेल्या 'हिंदोळ्यावर'मध्ये नवऱ्यापासून वेगळी राहणारी अचला दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते. माझ्या लेखी मराठीतल्या आधुनिक प्रेमकथेची सुरुवात इथं होते, कारण नोटिशीचे सगळे रकाने इथं भरलेले आहेत. स्थिती, व्यवसाय, वय, ठिकाण.

पत्ता आला की काव्य जातं, असा एक समज आहे. त्याला माझं उत्तर इंदिरा संतांची एकच कविता. 'नको नको रे पावसा', सगळ्यांना तोंडपाठ असलेली. तिला विरहगीत म्हणतात, आणि ती आहे एका गळक्या घराची यादी. घर चंद्रमौळी. वर कौलं. पाणी झेलायला भांडी कुठून आणू असं ती पावसाला विचारते, आणि नेसूचं जुनेर भिजवू नको म्हणते, कारण दुसरं नाही हे सांगायची गरजच नसते. हा सगळा संसार पावसासमोर मांडून झाल्यावर मग ती हळूच मुद्द्यावर येते. माझा सखा वाटेवर आहे. त्याच्या पुढे जा, आडवा हो, त्याला मागे फिरव. मग घाल किती धिंगाणा घालायचा तो. प्रेमाची किंमत तिने चांदण्यांत सांगितली नाही, गळणाऱ्या घराच्या मापाने सांगितली. छप्पर गेलं तरी चालेल, तो परत येऊ दे. घर नसतं तर हे बोलणं कशाच्या जोरावर झालं असतं? आणि तो सखा कोण, तर पांथस्थ. पाणपोईवरचाच तो वाटसरू, दीड-दोन हजार वर्षांनी, आता निघून चाललेला.

पत्ता असला म्हणजे झालं, असंही नाही. पत्ता कुणी लिहिलाय हेही बघावं लागतं. विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' 1983 चं. समाजवादी नाथ देवळालीकरांची मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करते, तो तिला मारतो, आणि बापाच्या आयुष्यभराच्या तत्त्वांना तडा जातो. यावर दलित लेखक-वाचक संतापले. त्यांचा संताप मला कळतो, आणि नाटक खोटं आहे असंही मला म्हणवत नाही. मला खटकतो तो सेट. सगळं नाटक देवळालीकरांच्या दिवाणखान्यात घडतं. अरुणचं घर आपल्याला दिसत नाही, त्याची फक्त बातमी येते. दोन पत्ते असलेल्या प्रेमात एकाच घराला रंगमंच मिळाला, आणि ज्याला मिळाला त्याचं दुःख मोठं झालं. त्याची आई, त्याची खोली, ज्योतीला बघून त्याच्या वस्तीत काय झालं, हे दुसरं नाटक अजून उभं राहायचंय.

माझा हा सगळा युक्तिवाद मोडणारं एक पुस्तक आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पु. शि. रेगे यांची 'सावित्री', 1962. एका तरुणीने एका पुरुषाला लिहिलेली पत्रं, फक्त तिची, त्याचं एकही नाही. जातीचा, पैशाचा, घरच्या विरोधाचा वाराही नाही. माझ्या हिशेबाने हे बिनपत्त्याचं प्रेम, आणि तरी मी ते दर दोन वर्षांनी वाचतो. त्यातली लच्छीची गोष्ट, मोर हवा असेल तर आपणच मोर व्हावं असं सांगणारी, मला अजून कळलेली नाही आणि ते बरंच आहे. मी स्वतःला समजावतो की पत्रं म्हटली की पत्ते आलेच, गावं आली, तारखा आल्या, युद्धाचा काळ आला. पण ही पळवाट आहे हे मलाही कळतं. रेग्यांनी पत्ता टाळला नाही, त्यांना त्याची गरजच पडली नाही. असं लाखात एखाद्याला साधतं. बाकीच्यांनी नक्कल केली की चंद्र, पाऊस आणि 'तू' एवढंच उरतं. हल्ली मोबाईलवर सकाळी सकाळी येतं ते हेच, गुलाबाच्या चित्रावर.

'सैराट' 2016 मध्ये आला तेव्हा ओळखीतल्या किती जणांनी एकच वाक्य म्हटलं होतं, पहिला भाग झकास, दुसरा जरा लांबला. पहिल्यात विहीर, ऊस, बुलेट आणि गाणी. दुसऱ्यात हैदराबादची झोपडी, डोशाची गाडी, कारखान्यातली नोकरी, भांडण, पुन्हा जमवून घेणं. मला दुसरा भागच प्रेमाचा वाटला. रडणाऱ्या, चिडलेल्या, आईची आठवण येणाऱ्या मुलीबरोबर एका खोलीत महिनोन्‌महिने राहणं, भाडं भरणं. थिएटरात पहिल्या भागाला नाचणाऱ्यांना दुसऱ्यात जांभया आल्या, कारण तो भाग कसा वाचायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. आपल्या वाचनात गोष्ट मिलनापाशी संपते. शेवटी पत्ता शोधत माणसं आलीच, तेव्हा सगळे गप्प झाले.

हा नुसता साहित्याचा विषय असता तर मी एवढं ताणलं नसतं. महाराष्ट्र शासन आंतरजातीय लग्न करणाऱ्यांना, दोघांपैकी एक मागास प्रवर्गातला असेल तर, पन्नास हजार रुपये देतं. त्याच शासनाने डिसेंबर 2022 मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करणारी एक समन्वय समिती नेमली. ओरड झाल्यावर दोन दिवसांत 'आंतरजातीय' शब्द काढला, 'आंतरधर्मीय' तसाच ठेवला. मुलींच्या काळजीपोटी, असं सांगितलं गेलं. मला त्या वेळच्या चर्चा आठवतात. ज्या घरांत पाडगावकरांच्या ओळी लग्नपत्रिकेवर छापतात, त्याच घरांतले लोक म्हणत होते, 'माहिती ठेवली तर बिघडलं काय?' यात ढोंग नव्हतं. त्यांच्या मनात दोन वेगळे कप्पे आहेत. कवितेतलं प्रेम एका कप्प्यात, तिथं कुणाला आडनाव नसतं, म्हणून ते सगळ्यांचं सेम असतं. आडनाव दिसलं की तो विषय दुसऱ्या कप्प्यात जातो, पोलीस, समाज, अब्रू यांच्या. साहित्याने हे कप्पे बनवले असं मी म्हणणार नाही, ते जुनेच आहेत. पण साहित्याने त्यांच्यामधली भिंत छान रंगवून दिली.

म्हणून कुणी मला विचारलं की कॉलेजातल्या पोरांना प्रेमाचं काय वाचायला द्यावं, तर मी फडके काढून टाका म्हणत नाही. फडक्यांच्या शेजारी 'कळ्यांचे निःश्वास' ठेवा आणि पोरांनाच विचारा की एकाच काळातल्या या दोन मुली एकमेकींना भेटल्या असत्या तर काय बोलल्या असत्या. गाथा शिकवताना ध्वनी शिकवा, पण ती बाई जागा का शोधतेय हेही विचारा. वर्गातल्या दहा जणांना तरी उत्तर माहीत असेल.

आमचा नंबर दुपारी लागला. सह्या झाल्या. तिसरा साक्षीदार ऐनवेळी नवऱ्याच्या ऑफिसातला शिपाई झाला, कारण येणार होता तो काका आला नाही. संध्याकाळी दहा-बारा जण एका हॉटेलात जेवायला बसलो. मुलीकडचं कुणी नव्हतं. तिचा फोन टेबलावर पालथा पडला होता आणि मधूनमधून थरथरत होता, ती बघत नव्हती. गुलाबजाम आले तेव्हा कुणीतरी सुरुवात केली, 'प्रेम म्हणजे प्रेम म्हणजे…' आणि टेबलावर ताल धरला. दुसरी ओळ सगळ्यांनी एका सुरात म्हटली, शिपायानेसुद्धा, आणि मीही.